रंग नसलेली रेघ

"माझ्या मांजराची ही दशा कुणी केली?"

कापलेलं अॅक्रिलिकचं मांजर हातात नाचवत ती लेझर कटिंगच्या वर्कशॉपमध्ये शिरली. काकांच्या बोर्डांच्या दुकानात कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं काम तिचं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून काका तिला ठिणगीच म्हणायचे. बोर्ड होता जनावरांच्या डॉक्टरांचा, अन् मांजराची पाठ आली होती उंदरांनी कुरतडल्यासारखी!

कटरवाल्यानं मशीन बंद केलं, गॉगल वर सरकवला. डोळे हसरे निघाले मेले... तिला त्याचाच जास्त राग आला.

"पाठीवर सतरा बिंदू ठेवलेत तुम्ही. प्रत्येक बिंदूला मशीन ठेचकाळतं."

"मग किती हवेत?"

"दोन."

"दोन बिंदूंत अख्खी पाठ? थापा नका मारू!"

त्यानं स्क्रीनवरचे मधले पंधरा बिंदू पटापट पुसले. उरलेल्या दोन्ही बिंदूंना स्क्रीनवर बारीक दांड्या फुटल्या. "धरा. रेघेला ढकलायचं नाही... दांडी ओढा, ती आपली आपण वळते."

तिनं ओढली. मांजराची पाठ मस्त आळस देत उठली. ती नकळत हसली – अन् त्यानं ते पाहिलं.

त्यानंतर तिच्या फायलींत रोज काही ना काही बिघडायला लागलं. कधी बदकाची चोच, कधी कपाचा कान. विचारायला जावंच लागे, काय करणार! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. एका दुपारी त्यानं सरळ विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

"उद्या सांगते," ती ऐटीत म्हणाली. उत्तर तयारच होतं, पण झुरू दे की जरा!

नेमकी त्याच संध्याकाळी काकांना कुणकुण लागली.

"धुरात राबणारा तो पोरगा? उद्यापासून तिकडे पाऊल टाकायचं नाही. फोन इकडे दे. डॉक्टरांच्या नव्या बोर्डाची फाईल मेलनं जाईल, आणि आधी मी बघणार."

ती ओठ चावत कॉम्प्युटरसमोर बसली. मांजराच्या पंजाखाली तिनं एक अक्षर काढलं आणि त्याचा रंग काढून टाकला. रेघ होती, पण दिसेना. काकांनी चष्मा लावून स्क्रीन निरखली. "झकास. पाठव."

मशीनला मात्र रंग कळत नाही. रेघ असली की ते कापतं. हे काकांना ठाऊक नव्हतं, तिला होतं.

बोर्ड एकट्यानं उचलण्यासारखा नव्हता, म्हणून आणायला जाताना काकांना तिला सोबत न्यावंच लागलं. कटरवाला बोर्ड भिंतीला टेकवून खुळ्यासारखा हसत उभा होता. पंजाखाली आरपार कापलेलं – 'हो'.

"हे काय?" काका कडाडले.

त्याचं हसू मावळलं. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "चूक माझी. नवा करून देतो."

"काही नको! आपलं काम आजपासून बंद."

गप्प बसली तर ती सुटत होती, अन् तो कायमचा जात होता.

"काका, चूक त्याची नाही. ते मी लिहिलंय."

"तू?"

"त्यानं लग्नाचं विचारलं होतं. तुम्ही माझं तोंड बंद केलंत, म्हणून बोर्डावर बोलले. आता तोंडानंही सांगते – हो. तुम्ही रागावलात तरी हो!"

काका कितीतरी वेळ अक्षराच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. बोट कुठेच अडलं नाही.

"वळण चांगलं आलंय," ते पुटपुटले. "पण डॉक्टरांना काय सांगू मी?"

तिनं कटरवाल्याचा हात घट्ट धरला.

"सांगा, संध्याकाळी मिळेल. तुम्ही व्हा पुढे... नवा आम्ही दोघं घेऊन येतो."