अर्थिंगला पाणी

हे खरं हाय. माझ्यासमोर घडलेलं हाय, आन् ज्या खोलीत घडलं त्याच खोलीत बसून लिव्हतोय.

रात्र नव्हती.

टळटळीत दुपार व्हती. केजच्या पुढं जीपमधून उतरलं की रस्ता सोडून आत चालावं लागतं, तिथं शेतात आमची वस्ती हाय. पत्र्याच्या दोन खोल्या, शेरडांचं वाडगं आन् मागं एक मोठं कडूलिंबाचं झाड.

भुतं रात्रीच येतात असं या पेजवर सगळेच लिव्हतात. आमच्या वस्तीवर रात्री लाईटच नसती. कॉम्प्युटरमधून यायचं म्हणल्यावर भुतालाबी दिवसाच यावं लागतंय.

हसा. मीबी हसलतो.

माझं नाव सोमनाथ. दिवाळी झाली की माझा बाप मेंढरं घेऊन जो भायेर पडतो, तो पाऊसकाळाच्या तोंडालाच माघारी येतो. तवर वस्तीवर माय एकटी. मागल्या वर्षी ती वाडग्यापाशी घसरून पडली. दिवस मावळंस्तोवर तशीच पडून व्हती. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या न्हाईत. शेरडं तेवढी भवताली उभी व्हती.

मी पुण्यात व्हतो. कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे काढायचो. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मंग सायबाला इचारलं, घरून काम करू का? सायब म्हणला, कर. पर मशीन बंद पडली न्हाई पाहिजे. उन्हाळाभर बघतो. बंद पडली तर गुमान हापिसात यायचं.

म्हंजे सगळं त्या मशीनवर व्हतं. ती चालली तर मी माईपशी. न्हाई चालली तर माय परत शेरडांच्या भरवशावर.

नकाशाचं काम साध्या लॅपटॉपला झेपत न्हाई. म्हणून एकेक पार्ट मागवला आन् कॉम्प्युटर घरीच जोडायला घेतला. जन्मात पयल्यांदा. मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत.

पयला घोळ मलमाचा. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर एक करडं मलम लावतात. त्याची बारकी ट्यूब येती. ती म्या खिडकीत ठिवली. सकाळी बघतो तर चेपून मोकळी.

"माय, हितली ट्यूब?"

"टाचंच्या भेगाला लावली की. लई गार वाटलं बघ."

म्या दुसरी मागवली. माय म्हणली, दोन मागीव.

जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू उरले. ते कशाचे, हे मला आजबी माहीत न्हाई. बटन दाबलं. पंखा फिरला... थांबला. स्क्रीन काळी. माईनं हळदकुंकू लावायला हात पुढं केला आन् झटकन माघारी घेतला.

"चावतंय की रे हे!"

केजात परमेश्वरचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान हाय. त्याला फोन केला. तो म्हणला, रॅम काढ, खोडरबरनं घास, परत बशीव. घासली. न्हाई. सगळ्या वायरी काढून परत लाव. लावल्या. न्हाई. शेवटी म्हणला, "चावतंय म्हंजे अर्थिंग न्हाई तुमच्याकडं. वायरमन बोलीव बे आधी."

वायरमन म्हंजे बजरंग. माझ्याच वर्गातला. त्यानं बोर्डावर टेस्टर लावला आन् कपाळाला हात मारला. "अर्थिंग कुठं गेलं तुमचं?"

"कधी नव्हतंच."

"मंग जिवंत कसे तुमी?"

अर्थिंग म्हंजे लोखंडी गज जमिनीत खोल ठोकायचा, भवताली कोळसा-मीठ घालायचं आन् त्याची वायर घरातल्या बोर्डाला जोडायची. आमच्याकडं जमीन कसली, पिंढरीएवढ्या मातीखाली सगळा मुरूम. बजरंगनं घरामागं जागा जागा पहार मारून बघितली. ठणठण वाजायची. आन् लिंबाखाली पहार एकदम आत गेली...

"हितं मऊ हाय बे. कुणीतरी खांदलेलं दिसतंय."

मला वाटलं पाइपलाइनचा चर असंल. माय शेरडं घेऊन गेलती. इचारायला कुणी नव्हतं. गज ठोकला. बजरंगनं वर घागरभर पाणी वतलं, कारण अर्थिंगला माती ओली लागती. वायर भिंतीतून आत घेतली, आन् तेवढ्यात त्याला घरून फोन आला, मटण शिजलंय म्हणून. तो बोर्डाला झाकण लावून पळाला.

म्या बटन दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. हात लावला. चावत न्हाई.

लई झकास चालला. सायब खूश. माय दारात बसून शेंगा फोडायची आन् स्क्रीनकडं बघायची. म्हणायची, "चाललंय न्हवं? चालू दे."

मंग एका दुपारी काम करता करता स्क्रीन काळी झाली. आन् आतून आवाज आला...

एक लांब. दोन आखूड.

बीऽऽऽप. बीप. बीप.

परमेश्वरला फोन लावला. म्हणला, एक लांब दोन आखूड म्हंजे ग्राफिक कार्ड गेलं. त्यानं त्याच्याकडलं दुसरं कार्ड जीपमध्ये ठिवून पाठवलं. बसवलं.

बीऽऽऽप. बीप. बीप.

मी टेबलाखाली शिरून केबली बघत व्हतो. मागं चाहूल लागली. वळून बघतो तर माय दारात उभी. हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

म्हणलं, "काय गं?"

ती माझ्याकडं बघंना. तांब्याकडंच बघत व्हती.

"ह्यो म्या कुणाला आणला रे?"

मला कळंना. ती खाली बसली. मंग सांगितलं.

माझा आज्या, हरिबा, शेवटी शेवटी अंथरुणावर व्हता. वाचा गेलती. पाणी पाहिजे असलं की तांब्या फरशीवर घासायचा आन् दोनदा आपटायचा. घर्रर्र. टक. टक. मी तव्हा लहान व्हतो, मला आठवत न्हाई. मायनं त्या आवाजावर कैक वर्षं पाणी नेलतं. आजबी कानानं ऐकलं, हातानं तांब्या भरला, पाय चालत आले. तिला मदीच उमगलं.

म्हणलं, "माय, आज्याला माती कुठं दिली?" आमच्यात पुरतात.

"लिंबाखाली. दगड हाय की वर."

दगड हाय. पर पाइपलाइनच्या टायमाला जेसीबीवाल्यानं तो बाजूला सारलता, आन् काम झाल्यावर परत ठिवलता. अंदाजानं.

गज कुठं ठोकलाय ते मी बोललो न्हाई. बोलायची गरजच नव्हती. माय तांब्या घेऊन उठली, लिंबाखाली गेली, गजाच्या बुडाला पाणी वतलं.

आत स्क्रीन लागली.

मला काय वाटलं? काय न्हाई वाटलं. मी खुर्चीत बसलो आन् राह्यलेला नकाशा पुरा केला.

बजरंगला फोनवर सांगितलं तर पोट धरून हसला. "आरं येड्या, माती सुकली की अर्थिंग जातंय. पाणी वतलं की येतंय. सायन्स हाय ते. तुझ्या आज्यानं काय आयटीआय केलंय का?"

पटलं. मला पटायचंच व्हतं.

उन्हाळा वाढला. हिर आटली. टँकर आला तर यायचा, न्हाई तर न्हाई. घरात एक हंडा असला तरी माय पयला तांब्या लिंबाखाली न्यायची. मंग शेरडं. मंग आमी. कंपनीत माझ्या नकाशात चुका निघंनात. सायबानं फोन करून इचारलं, "तुमच्याकडं मशीन बरी टिकती. हितल्या रोज बंद पडतात. काय करता काय तुमी?"

म्हणलं, "पाणी वततो."

सायबाला वाटलं जोक हाय.

मंग बोर्डातलं एक सॉकेट ढिलं झालं म्हणून बजरंग आला. झाकण खोललं. आत बघितलं. आन् तसाच थांबला...

"काय रे?"

त्यानं बोटानं वायर बाहेर वढली. हिरवी. अर्थिंगची. ती कशालाच जोडलेली नव्हती. टोकाचं प्लास्टिकबी सोललं नव्हतं. मटण शिजलंय म्हणून ज्या दिवशी पळाला, त्या दिवसापासून ती तशीच बोर्डामागं लोंबत व्हती.

म्हंजे गज आन् कॉम्प्युटर यांचा एकमेकाशी काय संबंधच नव्हता.

कधीच.

"मंग चावायचं कसं थांबलं बे?" म्या इचारलं.

बजरंग वर्गात मास्तरनं उठवल्यावर उभा राह्यचा तसा उभा व्हता. मंग एकदम म्हणला, "गज काढू. दुसरीकडं ठोकू. ह्या खेपंला समदं नीट करतो."

माय तव्हाबी शेरडं घेऊन गेलती.

गज उपसला. खड्डा बुजवला. परत पहार घेऊन बजरंग जागा शोधत फिरला. ठणठण. ठणठण. लिंबाच्या दुसऱ्या अंगाला, बुंध्याजवळ, पहार आत गेली...

"हितंबी मऊ हाय."

मला नको वाटलं. पर सगळीकडं मुरूम, आन् सायबाचं काम अडलेलं. गज ठोकला. वायर सोलली, जोडली, टेस्टर लावून मला दावली. पाणी वतलं. बजरंग च्या न घेता गेला. आजवर तो आमच्याकडून च्या घेतल्याबिगर गेलेला न्हाई.

माय आली. तिला सगळं सांगितलं. ती मागं जाऊन बघून आली.

"तिथं कावून ठोकला?"

"मऊ व्हतं."

ती चुलीपाशी जाऊन बसली.

एक लांब दोन आखूड परत वाजलं न्हाई. कॉम्प्युटर चालायचा. उन्हाळा सरायच्या आतच कंपनीनं माझं घरून काम कायमचं केलं. वाटलं, संपलं.

मंग ती दुपार. वैशाखातली, जी म्या वर सांगितली.

लाईट गेलती. पंखा बंद, पत्रा तापलेला. लाईट आल्यावर झटका बसू नये म्हणून म्या कॉम्प्युटरची पिन काढून हातात धरलती. शेरडं सावलीला गप. आन्...

टेबलाखालून आवाज आला.

लांब न्हाई. सगळे आखूड. बारीक. एकामागं एक, मदी दम घेतल्यावानी थांबून, परत.

म्या हातातल्या पिनीकडं बघितलं. तिचे तिन्ही दात उघडे व्हते.

माय भायेरच्या खोलीत वाकळ शिवत व्हती. तिची सुई थांबली. म्या म्हणलं, "माय, आज्याचा आवाज बदलला का?"

"ह्यो मामंजीचा न्हाई," ती म्हणली.

ती उठली. मला वाटलं तांब्या घेईल. न्हाई. आतल्या खोलीत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. कापडं बाजूला टाकल्याचा आवाज आला. मंग काहीच न्हाई, लई वेळ.

भायेर आली तव्हा तिच्या हातात बोंडलं व्हतं. पितळेचं, काळं पडलेलं. लहान लेकराला दूध पाजायचं.

माझं न्हाई ते. मी अंगावरच्या दुधावरच वाढलो, तीच सांगायची. माझ्या आधी एक झालतं, एवढं मला माहीत व्हतं. नाव ठिवायच्या आधी गेलं. मुलगा का मुलगी, हेबी घरात कुणी कधी बोललं न्हाई.

मायनं बोंडलं राखेनं घासलं. एक शेरडी धरली, थोडं दूध काढलं. चुलीवर कोमट केलं. बोट बुडवून बघितलं.

म्हणलं, "माय... पाणी चाललं असतं."

"पाणी न्हाई पीत ते आजून," ती म्हणली आन् लिंबाकडं गेली.

थोड्या वेळानं आवाज हळूहळू बारीक झाला आन् थांबला. एकदम बंद झाला न्हाई. झोप लागती तसा थांबला.

याला लई दिवस झाले न्हाईत. सायबाचा परवा फोन आला. मोठं काम आलंय, पुण्याला या, खोली कंपनी दील. म्हणलं, माय एकटी हाय, न्हाई जमायचं.

माय ऐकत व्हती. फोन ठिवल्यावर म्हणली, "जा की. माझ्यापायी कावून थांबतो? मी कुठं एकटी हाय आता?"

मी तिच्या तोंडाकडं बघत राह्यलो. लई दिवसांनी ती बरी दिसत व्हती. ते बघून मला बरं वाटायला पाहिजे व्हतं.

सायबाला येतो म्हणून कळवलंय. म्या बॅग भरलीय. सकाळच्या जीपनं निघायचंय. मघाशी कॉम्प्युटर खोक्यात भरायला घेतला तर माय बोंडलं पुसत पुसत दारात आली.

"त्यो तेवढा हितंच ऱ्हाऊ दे," म्हणली. "न्हाईतर मला कळायचं कसं?"