पेटीसोबत आणखी काही

स्वरूप आमच्या दुकानात शिरला तो चुकून. खेडच्या एसटी स्टँडसमोर तो चष्म्याचं दुकान शोधत होता... आत आला, तर समोर हार्मोनियम. केळशीच्या देवळात कीर्तनाला साथ करायचा, आणि जुनी पेटी बुवांच्या आवाजापुढे फिकी पडायची. चष्मा राहिला, पेटी घेऊन गेला.

शेठचा नियम असा, की जोडलेल्या गिऱ्हाइकाला अधूनमधून फोन करायचा आणि आणखी काय लागेल ते गोडीनं विचारायचं. ते काम माझं. खोळ हवी का? हवी म्हणाला. मग झांजा, मग पेटीखालचं लाकडी स्टँड... पार्सल नको म्हणे, स्वतः एसटीनं येई. भिजलेले केस पुसत माझ्याकडे बघत राही — की माझ्या मागच्या विठोबाच्या तसबिरीकडे?

मला कळेना. हा भोळा भाविक, आणि मी त्याला लुबाडतेय? की... त्याला दुसरी खोळ विकली, त्या संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे बघवेना.

त्यात शेठनी सांगितलं, सूर तपासून द्यायची वर्षाची सेवा त्याच्या गळ्यात मार. मी फोन केला, आणि तो पेटी मांडीवर घेऊन केळशीहून आला.

आमच्याकडे सूर लावणाऱ्या रामाकाकांनी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली. "पेटीस काय एक झालेलं नाय हो. चार महिन्यांची पेटी, एवढा भार वाहून आणलात कशाला?"

स्वरूप कानापर्यंत लाल. मला राहवेना.

"चूक माझी," मी म्हणाले. "तुम्हाला नको तेही विकलं. यापुढे फोन करणार नाही."

सुटल्यासारखं वाटायचं सोडून त्याचा चेहराच उतरला.

"मग..." तो भात्याशी चाळा करत म्हणाला, "मी खेडला यायचं ते काय सांगून?"

"कुणाला सांगून?"

"आईला. आणि... तुम्हालापण."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. माझा गोंधळ मिटला की वाढला, देव जाणे.

"एकादशीला कीर्तन असतं ना तुमच्याकडे?" मी विचारलं. "दोन जागा धरा. माझी आईपण येईल."

तो नुसता हसला, आणि स्टँडकडे चालू लागला... पेटी न घेताच.

मी हाक मारायला दारात धावले.

"राहू दे गो राही," मागून रामाकाका म्हणाले. "उद्या येईल."