कीर्तनाकडे कललेलं चाक

ध्रुवचक्राचं एकही इंजिन चालू नव्हतं, कुठं काही तुटलंही नव्हतं. तरी ते हादरत होतं.

ध्रुवचक्र म्हणजे पोकळीत सावकाश फिरणारं, बैलगाडीच्या चाकासारखं अंतराळगाव. माणसं राहायची चाकाच्या कडेला. फिरण्यामुळेच त्यांचे पाय जमिनीला टेकायचे. बाहेरून येणारं यान मात्र मधल्या तुंब्यातल्या (आरे जिथं एकत्र येतात त्या गाभ्यातल्या) दाराला जोडायचं, कारण फिरत्या चाकात आपल्या जागी राहतो तो मध्यच.

आज मध्यही जागेवर नव्हता.

"ऋजू, दार घिरट्या घालतंय गं," ऋजुताच्या मनगटावरच्या रेडिओत यानातून आईचा आवाज आला. "दोनदा हुकलं. इंधन आता एकाच खेपेपुरतं आहे. नानांना सांग."

ऋजुता कीर्तनमंडपाकडे धावली आणि दाराशी थबकली. निमकरबुवा रंगात आले होते. सगळं गाव त्यांच्या पायाशी दाटीवाटीनं बसलं होतं. कीर्तनातून मधेच उठू नये, मधे बोलू नये, हे तिला पाळण्यापासून ठाऊक. तिचे आजोबा नाना पहिल्या रांगेत डोळे मिटून डोलत होते. यंत्रांचे तोल साधण्यात त्यांचा जन्म गेला होता.

ती रांगत पुढं गेली. "नाना, चाक हादरतंय. आईला दार पकडता येत नाही."

नानांचे डोळे खाडकन उघडले. "अगं, गर्दी झाली की पंप समोरच्या बाजूला पाणी ढकलतात ना?"

"पंप उघडून ठेवलेत," टाळ्या नावाचा यंत्रमानव कुजबुजला. "तुम्हीच म्हणालात, कीर्तनाच्या दिवशी दुसरं काम नसतं, दुरुस्ती उरकून घे."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी आरतीचं रिकामं तबक बोटावर फिरवलं. छान फिरलं. मग काठाशी सुपारी ठेवली. तबक डगमगलं.

"फिरत्या वस्तूला वस्तुमानकेंद्र (जिथं तिचा सगळा भार तोलला जातो तो बिंदू) असतं. मोकळी वस्तू त्याच्याभोवतीच फिरते. भार एका अंगाला गेला की ते केंद्र तिकडे सरकतं. मग तुंबाही त्याच्याभोवती घिरट्या घालतो."

"मग इथं सुपारी कोण?"

"आपण सगळे."

बुवांची चिपळी थांबली होती. ऋजुतानं मान खाली घातली. "बुवा, मी मधे बोलले..."

"बरं केलंस, पोरी. भार हलवायचा ना? मी जातो पलीकडे."

बुवा उठले, तसं अख्खं गाव उठलं.

"बसा, बुवा," नाना कळवळून म्हणाले. "तुम्ही निघालात की गाव निघतं. मग चाक तिकडे कलेल. निम्म्यांनी जायचं, निम्म्यांनी राहायचं."

कोणी हलेना. "आम्ही सकाळपासून जागा धरलीय," मथुराकाकू पुटपुटल्या.

"काकू, माझी आई बाहेर आहे," ऋजुता म्हणाली.

काकूंनी पदर खोचला. "चला रे. देव काय एवढ्याच मंडपात बसलाय? तिकडेही ऐकू येईल."

निम्मी माणसं वळसा घालून समोरच्या अंगाच्या खोलीत गेली. हादरा कमी झाला, पण थांबला नाही.

"अजून हलतंय," आई म्हणाली. आता ती फार हळू बोलत होती.

"निम्मे तर गेले, नाना."

"तिकडची खोली वरच्या मजल्यावर, म्हणजे आसाच्या (ज्या रेषेभोवती चाक फिरतं तिच्या) जवळ आहे. तोल नुसत्या वजनानं ठरत नाही. वजन गुणिले आसापासूनचं अंतर, हे दोन्ही बाजूंना सारखं हवं. अंतर कमी, तर माणसं जास्त हवीत."

बुवांनी टाळकऱ्यांकडे पाहिलं. "तुम्हीही जा. टाळ तिकडून वाजवा, मी इकडून गातो."

टाळकरी गेले. टाळ्या हादऱ्याचे आकडे वाचत राहिला. ऋजुतानं हात जोडले.



मग तुंब्याकडून खट्ट झालं. "जोडलं," आई म्हणाली.

ऋजुता निघाली आणि पायरीवरच थांबली. "नाना, मी गेले तर तोल?"

"तू एकटी उठल्यानं फारसा फरक पडत नाही. आणि आसावर गेलीस की अंतर शून्य. तिथं कितीही वजन आलं तरी चाक कलत नाही. जा. पुढं याहून मोठी चाकं बांधायची आहेत, अख्ख्या शहरांची. त्यांचे तोल तुलाच बघायचेत."

तुंब्यात दोघी तरंगत एकमेकींना बिलगल्या. एका बाजूनं बुवांचा गजर येत होता, दुसऱ्या बाजूनं टाळ. दोन्ही बरोबर मधोमध भेटत होते.