सोमाजीच्या गाण्यातली जागा

घडलं ते खरं आहे. जुबेर आहे, घुग्घुसमधलं त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकानही आहे. हवं तर जाऊन विचारा. फक्त दुपारी दोनला विचारू नका.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. पारा सत्तेचाळीसवर. कोळशाचे ट्रकसुद्धा सावली धरून उभे होते. अशा उन्हात मनकर्णाबाई लेकीला, रिनाला, घेऊन दुकानात आल्या. जुना डेस्कटॉप चादरीत गुंडाळून, लेकरासारखा कडेवर घेऊन.

“काकू, याच्यापेक्षा नवाच घ्या,” जुबेर म्हणाला.

“सासू म्हातारी झाली म्हणून नवी आणते का रे कोणी?”

रिना हसली. जुबेरही हसला.

मग बाईंचा आवाज उतरला. “याच्यात रिनाचे बाबा आहेत.”

सोमाजी खाणीत पंपावर होते. जानेवारीत झोपेतच गेले. पहिली पाळी करून दोनला घरी आले की ते भीमगीतं गात आणि याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. एक्केचाळीस गाणी. दुसरीकडे कुठंच नव्हती.

“तेवढा आवाज वाचव, बाबू. बाकी सारं गेलं तरी चालन.”

जुबेरने कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला. काळी धूळ उडाली. रॅम वाढवली. नवी एसएसडी डिस्क बसवली. जुनी हार्ड डिस्क शेजारी जोडली.

टक्... टक्... टक्...

मरायला टेकलेली डिस्क असाच आवाज करते.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस गाणी नव्या डिस्कवर आली. आणि जुनी फिरायची थांबली, ती कायमचीच.

त्याने एक गाणं लावून पाहिलं. एक ओळ. मग सहा सेकंद काहीच नाही. पुन्हा ओळ. पुन्हा काहीच नाही.

त्याला वाटलं, डिस्कने मधलं खाल्लं. त्याने सॉफ्टवेअर लावून सगळ्या गाण्यांमधली शांतता एका झटक्यात कापली. चांगल्या मनानेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी आल्या. त्याने मोठ्या कौतुकाने गाणं लावलं. ओळीला लागून ओळ, दम न घेता.

बाईंचा चेहरा पांढरा पडला.

“मधातलं कुठी गेलं?”

“रिकामं होतं, काकू. कापलं. कसं सलग झालं पाहा.”

“रिकामं नव्हतं रे. थे माही जागा होती.”

सोमाजी पुढच्या खोलीतून सवाल टाकत. बाई चुलीपाशी बसून जबाब देत. माइकपर्यंत त्यांचा आवाज कधी पोचलाच नाही. सोमाजी गेल्यावरही त्या रोज दोनला गाणं लावत, आणि आपल्या जागेवर जबाब देत.

न कापलेली प्रत जुबेरने ठेवलीच नव्हती. काहीतरी करायचं म्हणून त्याने गाणं पुन्हा लावलं.

“काळ्या मातीच्या घरात, दिवा कोणी लावला?”

आणि...

गाणं थांबलं.

अडकलं नव्हतं. स्क्रीनवर सेकंद पळत होते. चार मिनिटांचं गाणं. पाच झाली. सहा झाली.

स्पीकरमधून कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं...

टक्... टक्...

जुनी डिस्क टेबलावर पडली होती. तिला एकही वायर जोडलेली नव्हती.

मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. हळूच गायल्या, “भीमानं बाई, भीमानं लावला.”

टकटक थांबली.

सोमाजींनी पुढची ओळ घेतली.

“ऐकून राह्यले थे अजून,” बाई म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या.

कॉम्प्युटर घरी गेला. जुनी डिस्कही बाईंनी मागितली; जुबेरने ती वायर न जोडता कॅबिनेटमध्येच बसवून दिली.

तीन आठवड्यांनी रिनाचा फोन आला. दुपारचे दोन वाजून गेले होते.

“जुबेरभाऊ, आईचा गळा बसला. आठ दिवस झाले, आवाजच निघत नाई.”

“मग गाणं?”

“बाबा पहिल्याच ओळीवर थांबले होते. कॉम्प्युटर बंद केला तरी थे टकटक... दिवसरात्र. आज गाणं पुढं गेलं.”

“म्हणजे काकू बऱ्या झाल्या?”

“नाई. आई माह्यासमोर बसली आहे. तोंड मिटून. जबाब दुसऱ्याच आवाजात येऊन राह्यला.”

फोनच्या मागे, दूरवर, सोमाजींचा आवाज आला. “...दिवा कोणी लावला?”

जबाब आला. कोवळा, स्वच्छ.

“रिना, तूच गाऊन राह्यली ना?”

“मी त तुमच्याशी बोलून राह्यली, भाऊ.”

ती बोलत होती, आणि मागे तोच आवाज... तिचाच... गात होता.

जुबेर स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्या घरी धावला. रिना म्हणाली, “काढा ती जुनी डिस्क.” बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात कॅबिनेटवर ठेवले आणि नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्याने एकदा कापलं होतं. पुन्हा हात उचलेना. तो तसाच परतला.

मनकर्णाबाईंचा गळा नंतर मोकळा झाला. त्या आता गात नाहीत. गाण्याला कुणाची गरजच पडत नाही, रोज दोनला ते रिनाच्या आवाजात आपोआप पुरं होतं.

रिना अधूनमधून फोन करते. तिचा आवाज दर वेळी थोडा जास्त बसलेला येतो. ती म्हणते, उन्हाचा त्रास आहे.

आता डिसेंबर चालू आहे...