चोरांचा डबा

"मॅडम, लगेच धक्क्यावर या. पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर हे लोक त्याला पाण्यात बुडवतील."

हवालदाराचा फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाईंनी चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता. कप तसाच सोडून त्या निघाल्या आणि वाटेत त्यांनी मनातल्या मनात अख्ख्या बंदराचा उद्धार केला. त्यांचं आणि बोटींचं कधी जमलंच नव्हतं. तरंगत्या धक्क्यावर पाय ठेवला तरी त्यांच्या पोटात ढवळायचं.

धक्क्यावर दोन टोळकी समोरासमोर उभी होती. एका बाजूला पांढऱ्या टोप्या घातलेले यॉटवाले, दुसऱ्या बाजूला हातात वल्ही घेतलेले मच्छीमार. मधोमध बेड्या घातलेला, मच्छीमारांपैकीच एक किडकिडीत माणूस होता. त्याचा ओठ फुटला होता. बंदरात त्याला सगळे खेकड्या म्हणत.

"काय केलंय यानं?"

"चाचेगिरी!" यॉटवाल्यांतले कप्तान गरजले. निवृत्त झाले तरी हुकूम सोडायची त्यांची सवय गेली नव्हती. "पहाटे डेंटिस्टच्या यॉटवर दरोडा पडला. डोक्यात लोखंडी दांडा घातलाय त्यांच्या. इस्पितळात बेशुद्ध आहेत. आणि त्यांची छोटी होडी याच्या बोटीमागे बांधलेली सापडली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"वाहत चालली होती," खेकड्या म्हणाला. "धरून परत आणत होतो."

"वा! समाजसेवक!"

"आज याला आत टाका, नाहीतर बोट पेटवतो याची!" पांढऱ्या टोप्यांतून कुणीतरी ओरडलं. तिकडे वल्ही वर झाली.

खेकड्याने आपल्या बोटीकडे पाहिलं. रंग उडालेल्या त्या एका बोटीवर त्याचं घर चालत होतं. ती गेली तर तो सुटूनही उपयोग नव्हता.

"काडी ओढेल त्याला पुढची बेडी," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "हवालदार, तुम्ही त्या बोटीत बसून राहा. कप्तान, तुम्ही चला माझ्याबरोबर."

यॉट खाडीत नांगरून होती. खालच्या केबिनमध्ये डेंटिस्टची बायको बसली होती. तिच्या गाऊनवर नवऱ्याचं रक्त वाळलं होतं. शेजारी तिचा धाकटा भाऊ, गालावर ओला रुमाल धरून.

"लवकर विचारा," बायको म्हणाली. "तिकडे ऑपरेशन चाललंय. शुद्ध आली तर मी समोर हवी."

"तुम्ही काय पाहिलंत?"

"काहीच नाही. मला बोट लागते. झोपताना गोळी घेते. जागी झाले तेव्हा हे इथे पडलेले."

इन्स्पेक्टरबाईंना तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, पण त्यांनी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"आणि तुम्ही?"

"तिघे होते," भाऊ म्हणाला. "तोंडाला फडकी बांधलेली. मला बाथरूममध्ये कोंडलं. भाऊजींचा आवाज ऐकला, मग धप्पकन काहीतरी पडलं. मी दार तोडून बाहेर आलो, तर सगळं संपलेलं."

"गेलं काय?"

बायकोने जमिनीवरच्या कांद्या-बटाट्याच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटी उपडी पडली होती. तिच्या खोट्या तळाखाली रिकामा कप्पा होता. "आईचे दागिने. पाटल्या, तोडे, सगळं. हा कप्पा आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नाही."

"डेंटिस्टला धाक दाखवून विचारलं असेल," कप्तान मधेच म्हणाले.

"तुम्हाला विचारलं का मी?"

तेवढ्यात बाहेरून एक लाँच भरधाव गेली आणि यॉट डोलू लागली. इन्स्पेक्टरबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. कुणीतरी सांगितलं होतं, पोटात ढवळलं की एका वस्तूवर नजर ठेवावी. इथे तर एकही वस्तू जागेवर राहायला तयार नव्हती. टेबलावरच्या स्टीलच्या वाट्या घसरत कडेला गेल्या, चष्म्याचं घर मागोमाग गेलं, पेन खाली पडलं. फक्त बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा हलला नाही. बाईंनी त्याच्यावर नजर रोवली.

"यात काय आहे?"

"तो? चोरांचा डबा," बायको कसनुसं हसली. "यांचीच कल्पना. चोर आलाच तर त्याला समोर काहीतरी मिळावं, म्हणजे तो लवकर जातो. बाजारातले खोटे दागिने, एक बंद पडलेलं घड्याळ. कायम इथे समोरच असतो."

"सावध माणूस दिसतात."

"सावध? वाट्यासुद्धा त्यासाठीच. रोज झोपण्यापूर्वी दोरीला बांधून कठड्याभोवती लावतात. कुणी चढलं की वाजतील म्हणून."

"आज वाजल्या?"

"दोरी कापलेली होती," भाऊ पटकन म्हणाला. "ताई, चल आता. मी तुला इस्पितळात सोडतो आणि पुढे घरी जाऊन येतो. इस्पितळासाठी पैसे आणतो." त्याने आपली पिशवी उघडली. "हा डबाही घेऊन जातो. नजरेसमोर नको. बघितला की भाऊजीच आठवतात."

"तुम्ही बोटीवर कधीपासून आहात?"

"उन्हाळ्यापासून."

"आठ दिवसांसाठी आला होता," बायको म्हणाली. "हे तर उठता-बसता चिडवतात त्याला. पण पाठीला पाठ लावून आलेला भाऊ, हाकलायचा कसा?"

इन्स्पेक्टरबाई कप्तानांकडे वळल्या. "दरोडा पडल्याचं तुम्हाला कळलं कसं?"

"रेडिओवर. आम्ही यॉटवाल्यांनी शब्द ठरवलाय. रेडिओवर चोर म्हणायचं नाही, चोरही ऐकत असतात. 'पाहुणे आलेत' म्हणायचं. पहाटे रेडिओ खरखरला आणि डेंटिस्टचा आवाज आला. 'अहो पाहुणे, ठेवा ते खाली!' मग धाडकन आवाज, आणि सगळं शांत. मी लगेच सगळ्यांना उठवलं."

"शब्द हेच होते?"

"माझे कान अजून शाबूत आहेत."

"खेकड्याला त्याच्याच बोटीतून इथे घेऊन या," बाईंनी हवालदाराला फोन केला. "आणि कुणी इथून हलायचं नाही. तुम्हीसुद्धा," त्या भावाला म्हणाल्या. "पिशवी खाली ठेवा."

खेकड्या आला, दाराशी उभा राहिला. कप्तान नाक मुरडून बाजूला सरकले.

"कप्तान, तुमच्या यॉटवर चोर चढला, तर त्याला 'अहो' म्हणाल?"

"काहीतरीच काय! लाथ घालीन."

"डोक्यावर दांडा उगारलेल्या माणसाला 'अहो पाहुणे, ठेवा ते खाली' असं अदबीनं कोण म्हणतं? तुम्ही 'पाहुणे' ऐकलंत आणि पुढचा-मागचा शब्द सोडून दिलात. ठरवलेला शब्द 'पाहुणे आलेत' असा होता. यांनी तर पाहुण्यांना हाक मारली." बाई बायकोकडे वळल्या. "तुमचे मिस्टर या भावाला चिडवताना काय म्हणतात?"

बायकोने भावाकडे पाहिलं.

"अहो पाहुणे," ती म्हणाली. "मुक्काम कधी हलवताय, पाहुणे."

"ताई, काय बोलतेस? चोरांबद्दलच म्हणाले असतील ते!"

"बरं, तसं धरू," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तिघे चोर आले. लपवलेला कप्पा शोधला. आणि टेबलावरचा डबा? तो चोरांसाठीच ठेवला होता. बाहेरच्या चोराला तो खोटा आहे हे कुठून कळणार? त्याने पहिला तोच उचलला असता. तो डबा निरुपयोगी आहे हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं."

"घाईत राहिला असेल."

"असेल." त्या बायकोकडे वळल्या. "तो डबा जरा मला द्या."

बायकोने सवयीने एका हाताने डबा उचलला, आणि तिचा हात खाली गेला. दुसरा हात लावून तिने तो कसाबसा सावरला.

"हा एवढा जड कसा?"

"उघडा."

तिने झाकण काढलं. वर रुमाल होता. खाली आईच्या पाटल्या, आईचे तोडे.

"मघाशी बोट डोलली तेव्हा सगळं घसरलं, हा डबा तेवढा हलला नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हाच माझ्या मनात आलं. पत्र्याच्या खोट्या दागिन्यांना एवढं वजन नसतं. तुमच्या घरात ज्या डब्याकडे कुणीच बघत नाही, त्यात तुमच्या भावानं खरा माल लपवला. खोटा फेकला समुद्रात. डेंटिस्ट चाहुलीनं उठले, चोर समजून त्यांनी रेडिओ हातात घेतला, बटण दाबलं, आणि समोर दिसला दागिने हातात घेतलेला मेहुणा. म्हणून ती हाक. मग यांनी दांडा चालवला, वाट्यांची दोरी कापली, होडी सोडून दिली, गालावर स्वतःच मारून घेतलं. वाहत गेलेली होडी एका भल्या माणसानं धरली आणि यांना आयता चोर मिळाला."

भाऊ बहिणीकडे बघत होता. रुमाल गळून पडला होता.

"आईचं होतं ते, ताई. माझंही होतं. तू एकटीनं पेटीत घालून ठेवलंस!"

"मागायचं होतंस," बायको म्हणाली. "दिलं असतं रे मी. डबा भरून दिला असता. त्यांच्या डोक्यात दांडा घातलास?"

तिने डबा त्याच्या अंगावर भिरकावला. पाटल्या केबिनभर घरंगळल्या. कुणी उचलायला वाकलं नाही.

बेड्या एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर गेल्या. कप्तानांनी घसा खाकरला. "खेकड्या, गैरसमज झाला. होतं असं कधीकधी."

खेकड्याने मनगट चोळलं, ओठावरचं रक्त बाहीने पुसलं.

"होतं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तुमची होडी वाहत चालली, तर मी हात लावणार नाही. होडीत माणूस असला तरी."

तो आपल्या बोटीत उतरला आणि मागे न बघता वल्हं मारू लागला.