झाडू जाईपर्यंत

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, विल्गेनबेके गावाच्या अलीकडे, वान्नेस टाकने सायकल कुंपणाला टेकवली आणि तो दुसऱ्यांदा ओकला. शर्यतीचा चौथा टप्पा चालू होता. त्याच्या मागे आता एकच वाहन उरलं होतं – झाडूगाडी.

झाडूगाडी म्हणजे मागे पडलेल्यांना उचलून आणणारी पांढरी व्हॅन, पुढच्या जाळीला खराखुरा खराटा बांधलेली. ती हिल्के डोबेलारे चालवत होती. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून यंदा पहिल्यांदाच ही गाडी तिच्याकडे आली होती. शेजारी पंच रोलांट बसले होते, मांडीवर सँडविच घेऊन.

"झालं?" हिल्केने काच खाली करून विचारलं.

"झालं," वान्नेस म्हणाला. "पोटात काही उरलं नाही. पायांतही."

गेले तीन दिवस या दोघांचं बोलणं असंच काचेतून चाललं होतं. पहिल्या दिवशी त्याचं चाक पंक्चर झालं, तो एकटाच मागे पडला, तेव्हा वळून म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही फार जवळ येताय."

"नियमच आहे. शेवटच्याच्या मागे राहायचं. तुम्ही पुढे जा, मी आपोआप लांब जाईन."

तो पुढे गेला नाही... निदान लगेच नाही. दुसऱ्या दिवशी चढावर दोघांचं अहो-जाहो गळून पडलं. तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. वायपरच्या कुरकुरीत त्याचं बोलणं ऐकू येईना, म्हणून तिने वायपर बंद केले आणि अर्धा मैल अंदाजाने गाडी हाकली.

शर्यत सोडली की पाठीवरचा नंबर काढून घ्यायचा, हे पंचांचं काम. रोलांटनी वान्नेसकडे पाहिलं, मग सँडविचकडे.

"पोटाची साथ आहे. सकाळपासून हा सहावा. पोरी, तूच काढ." आणि ते गाडीतच मागे, उचलून ठेवलेल्या सायकलींच्या गर्दीत जाऊन बसले.

हिल्के खाली उतरली. भिजलेल्या जर्सीवर तिची बोटं टेकली.

"टोचलं तर सांग."

"टोचलं."

"अजून पिन उघडलेलीसुद्धा नाही."

"मग हळू उघड... घाई कुठे आहे आता."

ती हसली नाही. पण शेवटच्या पिनेला जरा जास्तच वेळ लागला.

त्याला पुढच्या सीटवर बसवून तिने घोंगडी दिली. गाडी निघाली तसं त्याने डावीकडे बोट दाखवलं. "कालव्याच्या रस्त्याने घे ना."

"का?"

"पुढे माझं गाव आहे."

तिला ते माहीत होतं. शर्यत कुणाच्या गावातून जात असली की सगळा घोळका वेग कमी करतो आणि त्याला एकट्याला पुढे सोडतो. तो उतरतो, आईचा मुका घेतो, हात मिळवतो. मग पुन्हा शर्यत सुरू. इतक्या वर्षांत एकही शर्यत विल्गेनबेकेतून गेली नव्हती. यंदा पहिल्यांदा जात होती.

"आई चर्चसमोर उभी असेल, निळ्या कोटात. चार घरी सांगून ठेवलंय तिने. आणि मी येणार घोंगडीत, ओकायची पिशवी हातात धरून. हिल्के, एवढं कर. कालव्याने घे."

तिचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला. मग उचलला.

"झाडू गेल्याशिवाय रस्ता उघडत नाहीत, आणि तोवर माणसं हलत नाहीत. तुझ्या आईला अंधार पडेपर्यंत उभी ठेवू?"

त्याने तोंड फिरवलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तीन दिवस सगळ्यात मागे... इतका वाईट चालवतोस?"

"इतका वाईट नाही," मागून रोलांट म्हणाले. "गेल्या वर्षी अकरावा होता."

"पहिल्या दिवशी पंक्चर होतं," वान्नेस काचेकडे बघत म्हणाला.

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या दिवशी... हवा थोडी कमी होती."

"तिसऱ्या?"

"तिसऱ्या दिवशी चाकाला काहीही झालं नव्हतं."

हिल्केने गिअर बदलला. रस्ता सपाट होता, गरज नव्हती.

चर्चसमोर सगळे उभे होते. बँडवाले गप्प, फलकावर त्याचं नाव. हिल्केने गाडी बरोबर निळ्या कोटापाशी थांबवली. गोडेलीव्ह टाकने स्वतःच दार उघडलं.

"आई, लांब राहा. साथ आहे."

"मला शिकवू नकोस. तुझा कप्तान उतरला होता. सगळा घोळका थांबला. म्हणाला, हे वान्नेसच्या वाटचं, आणि दोन्ही गालांवर... दाढी टोचली मेल्याची." तिने लेकाच्या कपाळावर ओठ टेकले. "आता ज्याचं त्याला पोचतं केलं."

टाळ्या आधी बिचकत आल्या, मग कडाडून. बटाटे तळणाऱ्याने टपरीतून हाक दिली, "वान्नेस, पुढच्या खेपेला गाडीच्या आधी ये बाबा."

गाव हसलं. वान्नेसही हसला.

गोडेलीव्हने पोटाला बरा म्हणून गॅस काढलेला कोला त्याला बाटलीने पाजला. मग मान वाकवून आत पाहिलं. "आणि ही कोण?"

"गाडी चालवते."

"हं. फोनवर सारखं म्हणत होतास, मागे बरं वाटतं... ते हे होय?"

हिल्केचे कान लाल झाले. काय करावं न सुचून तिने हाताला लागलेली बाटली उचलली आणि घटाघटा प्यायली.

ती बाटली त्याची होती. अख्ख्या चौकाने ते पाहिलं.

"झालं कल्याण," मागून रोलांट म्हणाले.

शनिवारी सकाळी आयोजकांनी शेवटचा टप्पा रद्द केला. अर्धा घोळका अंथरुणात होता. पहाटेपासून हिल्केही होती, बादलीशेजारी. न्याहारीपर्यंत ही बातमी विल्गेनबेकेत पोचली. बाटलीवर तिथे कुणाचाच विश्वास नाही. गाव म्हणतं, नुसत्या उष्ट्या बाटलीने साथ लागत नसते, त्याला मुका लागतो.

वान्नेसचा ताप रात्रीच उतरला होता. त्याचा निरोप आला, "टोस्ट आणू की कोला?"

"येऊ नकोस. केस विंचरलेले नाहीत."

"निघालो आहे. वारा समोरून आहे. मागे वळून पाहिलं, कुणीच नाही. सवय राहिली नाही."

सकाळी पावणेअकराला रोलांटनी फोन करून कळवलं, की कालव्याच्या पुलावर तो दिसला. दांडीला टोस्टची पिशवी, वेग फारसा नाही. हिल्केने केस विंचरले, बादली पलंगाखाली सरकवली आणि खिडकी उघडली.

रस्ता अजून रिकामा होता.