भैरवकड्याचा खोटा कौल

इसवी सन चौदाशे त्रेपन्न सरत आलं होतं. भैरवकडा पहाटेच्या धुक्यात बुडाला होता, आणि त्या धुक्याखाली, जिथं काल-परवापर्यंत भातखाचरं होती तिथं, घाट उतरून आलेल्या सुलतानी फौजेच्या शेकोट्या लुकलुकत होत्या. सारं जगच त्या वर्षी उलथत होतं! फ्रान्स आणि इंग्लंड यांचं शंभर वर्षं चिघळलेलं युद्ध संपलं होतं, आणि तुर्कांच्या तोफांनी ख्रिस्ती पातशहांच्या राजधानीचा, कुस्तुनतुनियाचा, हजार वर्षं ताठ उभा असलेला तट फोडला होता. ही दुसरी बातमी दाभोळ बंदरात घोडे उतरवणाऱ्या अरबांनी आणली, आणि गडावर ती सांगितली कारभारी गोमाजीपंतांनी. अगदी चवीचवीनं!

"नाईक, पातशहांचे तट पडले, तिथं आपला हा गडगा किती टिकणार? दरवाजा उघडावा, अभय मिळेल."

"शेजारच्या गडानं उघडला होता, पंत," किल्लेदार खेमनाईक म्हणाले. "तिथं चूल पेटवायला माणूस उरलं नाही."

"मग भैरवालाच विचारा की! देवापुढं तरी आपला हट्ट नको."

कौल लागला. धाकू गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक फूल चिकटवलं आणि गाऱ्हाणं घातलं, "बा भैरवा, गड सोडायचा असेल तर उजवं फूल दे, लढायचं असेल तर डावं!"

सारा गड देवळापुढं उभा. उजवं फूल टपकन पडलं.

नाईकांचा चेहरा उतरला. देवाचा शब्द तो देवाचा शब्द! त्यांनी दरवाजाच्या किल्ल्या कमरेतून काढल्या, एवढ्यात धाकूची बायको लिंबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आली.

"थांबा नाईक! डाव्या फुलाला मुंग्या लागल्यात. पाण्याला कधी मुंग्या लागतात का?"

"मागं हो, बये!" पंत ओरडले. "कौल खोटा ठरला तर तुझ्याच धन्याचा कडेलोट होईल, कळतंय का?"

लिंबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मान वर करेना. तिनं डावं फूल ओढलं, तशी गुळाची तार लांबत आली.

धाकू नाईकांच्या पायांवर कोसळला. "पंतांनी भरीला घातलं, धनी! पोरंबाळं वाचतील म्हणाले!"

नाईकांनी पंतांच्या तिथंच मुसक्या बांधायला लावल्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "लिंबाई, आज गड तुझा आहे. मागशील तर तुझ्या धन्याला सोडतो."

"सोडलंत, तर उद्या दुसरा कुणी गूळ लावील," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून खाली बसली.

दोघांचाही कडेलोट झाला. गड पडला नाही. उन्हाळ्यात फौजेचा दाणागोटा संपला, तसा वेढा उठला. पण भैरवापुढं पुन्हा कौल लागला नाही. काही ठरवायची वेळ आली, की खेमनाईक लिंबाईच्या दारी जाऊन उभे राहत. ती आतून कडी लावून घेई.